टँडेम की सोलो? मुलांचा हात सोडण्याआधी थोडं बोलू



गेल्या वर्षी महिला दिनाच्या निमित्ताने चौथीच्या वर्गात पुण्याच्या शीतल महाजन यांची माहिती सांगत होते. २०११ साली पद्मश्री मिळालेल्या या स्कायडायव्हर. २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून विमानातून उडी मारली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी मारली. नऊवारीतला फोटो मोबाईलवर दाखवला तेव्हा मुलं अक्षरशः एकमेकांच्या अंगावर पडून बघत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, त्यांना विमानातून ढकलतं कोण?"

वर्ग हसला, मीही हसले. म्हटलं, "कोणी नाही रे, त्या स्वतःच उडी मारतात." पण पोरगं ऐकेना. "आता मारत असतील. पण पहिल्यांदा? पहिल्यांदा तर कोणीतरी ढकललं असेल ना?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. "खूप सराव करतात" असं काहीतरी म्हणून मी पुढे सरकले. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण 'पहिल्यांदा ढकलावंच लागतं' हे माझंही मत होतं आणि त्या मतापायी मी एका मुलीचं नुकसान केलेलं होतं. ते पुढे सांगते.

माझा एक मावसभाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. त्याने तिथे एकट्याने उडी मारण्याचा परवाना घेतला आहे. त्याला फोन करून मुलाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तो म्हणाला, "ताई, ढकलत नाहीत गं. ज्याला ढकलायची वेळ येईल, त्याला त्याच विमानातून खाली परत आणतात. तयार नाही म्हणजे नाही." मग तासभर तो मला त्याचं सगळं प्रशिक्षण समजावून सांगत होता, आणि मी मात्र पूर्ण वेळ माझ्या वर्गाचा विचार करत होते. त्यातूनच हा लेख.

दोन प्रकारच्या उड्या

सहलीला गेलेली माणसं स्कायडायव्हिंगचे फोटो टाकतात, ती बहुतेक टँडेम उडी असते. टँडेम म्हणजे जोडउडी. तुम्हाला पट्ट्यांनी प्रशिक्षकाच्या छातीशी घट्ट बांधलेलं असतं. थोडा वेळ सूचना मिळतात, पाय कसे घ्यायचे, उतरताना काय करायचं, बस. उडी तो मारतो, पॅराशूट तो उघडतो, उतरवतोही तोच. तुम्ही सोबत असता. अनुभव खरा असतो, वारा खरा असतो, किंकाळीही खरी असते. पण अशा उड्या नुसत्या मारत राहिलात तर शंभर झाल्या तरी तुम्हाला एकट्याने उडी मारता येणार नाही.

दुसरी एकट्याची, म्हणजे सोलो उडी. तिच्यासाठी अमेरिकेत जी पद्धत सर्वांत जास्त चालते ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. तिथल्या पॅराशूट संघटनेचा सर्वांत खालचा, म्हणजे 'ए' परवाना मिळवायला किमान २५ उड्या लागतात. वय १८ पूर्ण हवं, त्यामुळे पालकांनी घाबरू नये, मी तुमच्या मुलांना विमानात बसवायला निघालेले नाही! मला त्या २५ उड्यांची मांडणी सांगायची आहे. कारण ही मांडणी एखाद्या चांगल्या पाठ नियोजनासारखी आहे.

आधी जमिनीवर

पहिली उडी पाऊण मिनिटाची आणि तिच्यासाठी जमिनीवर जवळजवळ एक दिवसाचा वर्ग. मावसभाऊ म्हणाला, सकाळी गेलो तो दुपार टळेपर्यंत आकाशाकडे बघायलाही वेळ नव्हता.

त्या वर्गात काय करतात? पोटावर झोपून शरीराची कमान करायला शिकवतात. पोट जमिनीकडे, छाती आणि पाय वर, साधारण आपल्या धनुरासनासारखी, फक्त हातांनी पाय धरायचे नाहीत. ही कमान जमली की हवेत शरीर आपोआप पोटावर स्थिर राहतं. मग विमानाच्या दाराची नक्कल करून बाहेर पडायचा सराव. मग खुणा, कारण हवेत ताशी १९० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने पडताना बोललेलं काही ऐकू येत नाही. दोन बोटं सरळ केली की पाय लांब कर, अंगठा खाली केला की कमान नीट कर, एक बोट दाखवलं की पॅराशूट उघड.

आणि त्यानंतर बराच मोठा वेळ एकाच गोष्टीला : गडबड झाली तर काय करायचं. छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये विद्यार्थ्याला लटकवतात आणि वर बघायला लावतात. पॅराशूट उघडलं का? नीट चौकोनी आहे का? वळतंय का? नसेल तर मुख्य पॅराशूट सोडून द्यायची मूठ कुठली, राखीव पॅराशूटची मूठ कुठली, आधी कुठली ओढायची, हे हाताला पाठ होईपर्यंत. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आणि हा निर्णय २५०० फुटांच्या वर असतानाच घ्यायचा, त्याच्या खाली विचार करत बसायचं नाही, हेही.

इथे मी पहिल्यांदा थबकले. आपण वर्गात बरोबर कसं करायचं ते शिकवतो. अडलं तर काय करायचं हे किती जण शिकवतो? वजाबाकीत हातचा घ्यायला मूल विसरलं आणि उत्तर भलतंच आलं, तर ते त्याला कसं ओळखू येणार, ओळखलं तर कुठून परत सुरू करायचं, हे आपण सहसा सांगत नाही. वाचताना शब्द अडला तर थांबून आमच्या तोंडाकडे बघायचं, एवढंच मुलांना माहीत असतं. त्यांना राखीव मूठ दाखवलेलीच नसते.

दोन हात, एक हात, मग मोकळं

आता प्रत्यक्ष उडी. विमान साधारण १३,००० फुटांवर जातं. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. म्हणजे जवळपास अडीच कळसूबाई एकावर एक. पहिल्या उडीला विद्यार्थ्याच्या पाठीवर त्याचं स्वतःचं पॅराशूट असतं, तो कुणालाही बांधलेला नसतो. पण दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक त्याला धरून उडी मारतो. पडता पडता त्याने आपल्या मनगटावरचं उंचीचं यंत्र वाचायचं, दोघा प्रशिक्षकांकडे बघायचं, आणि पॅराशूटच्या मुठीला तीनदा नुसता हात लावून दाखवायचा. ओढायची नाही, फक्त हात तिथे पोहोचतो हे दाखवायचं. मग साधारण ५५०० फुटांवर, म्हणजे एक कळसूबाई उरलेली असताना, मूठ खरोखर ओढायची. त्याने स्वतः. पुढची पाच-एक मिनिटं पॅराशूटखाली एकटा, आणि जमिनीवरून कुणीतरी रेडिओवर सांगत असतं, डावीकडे वळ, आता सरळ.

बहुतेक ठिकाणी पहिल्या तीन उड्यांना दोन प्रशिक्षक असतात. विद्यार्थी स्थिर राहतोय, उंचीकडे लक्ष देतोय, असं दिसलं की ते हवेत क्षणभर हात सोडून बघतात, पण हाताच्या अंतरावरच राहतात. चौथ्यापासून एकच प्रशिक्षक. आता नव्वद अंश वळून दाखव. मग पूर्ण गिरकी घे. मग विमानातून एकट्याने बाहेर पड, कोलांटी उडी घे आणि परत पोटावर स्थिर हो. साधारण सातव्या पायरीनंतर धरणारं कुणी नसतं. पुढच्या उड्यांत दुसऱ्यांसोबत उडायला शिकायचं, ठरलेल्या खुणेपासून २० मीटरच्या आत पाच वेळा उतरून दाखवायचं, आपलं मुख्य पॅराशूट स्वतः घडी घालून त्यानेच उडी मारायची. प्रत्येक कौशल्यापुढे कार्डावर सही. शेवटी परीक्षा आणि परीक्षेची उडी.

आपण डीएडला वायगॉट्स्की शिकलो होतो ना? मुलाला एकट्याला जमतं ते आणि मदतीने जमतं ते, या दोन्हींच्या मधली जागा. पेपरात दहा मार्कांना लिहून आलो आणि विसरलो. हवेत क्षणभर सुटणारा तो प्रशिक्षकाचा हात ऐकला तेव्हा मला ते प्रकरण पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं.

मी ढकललेली मुलगी

आता ते सांगते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसरीतली एक मुलगी. वाचन सुंदर, अक्षर मोत्यासारखं, घरी आजीला पेपर वाचून दाखवायची. पंधरा ऑगस्टला तिचं भाषण ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं. ती म्हणाली होती, "मॅडम, मला नको." मी म्हटलं, "अगं, एकदा बोललीस की भीती जाते. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही." भाषणही मीच लिहून दिलं. तिने शब्दन्‌शब्द पाठ केलं.

झेंडावंदन झालं. समोर सरपंच, ग्रामस्थ, पालक, दोन-अडीचशे माणसं. तिने "माननीय" म्हटलं आणि थांबली. माईकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मी मागून हळूच पाठीला हात लावला आणि म्हटलं, "बोल ना." मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. ती खाली उतरली आणि आईच्या पदराआड गेली. मी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

त्यानंतर तिने वर्गात हात वर करणं बंद केलं. उत्तर येत असायचं, पाटीवर लिहिलेलं असायचं, पण बोलायची नाही. तिची आई शाळेत आली तेव्हा मला रागावली नाही. फक्त म्हणाली, "मॅडम, आता ती आजीलापण वाचून दाखवत नाही." ते वाक्य माझ्या अजून कानात आहे.

आता हिशेब मांडते. त्या मुलीने त्याआधी माईक हातात धरला होता का? नाही. दहा माणसांसमोर उभी राहिली होती का? नाही. मध्येच विसरलं तर काय करायचं हे मी सांगितलं होतं का? नाही. कागद हातात ठेवू दिला होता का? नाही, "पाठ करूनच बोलायचं" हा माझाच आग्रह. तिने "नको" म्हटलं तेव्हा कशाची भीती वाटते हे विचारलं होतं का? तेही नाही. म्हणजे मी तिला जमिनीवरचा वर्ग न घेता थेट १३,००० फुटांवर नेलं आणि वरून पाठीला हात लावून म्हटलं, बोल ना.

आणि ती पाण्यात पडण्याची म्हण! माझे आजोबा आम्हाला विहिरीत पोहायला शिकवायचे ते आठवून बघितलं. कमरेला दोर, पाठीला सुका भोपळा किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा, आणि दोराचं दुसरं टोक काठावर त्यांच्या हातात. काही दिवसांनी भोपळा लहान. मग भोपळा नाही, फक्त दोर. मग दोर ढिला. मग एक दिवस दोर नव्हताच, पण आजोबा काठावर होते. आपल्या गावात हे सगळं होतंच की. आपण म्हण तेवढी लक्षात ठेवली, भोपळा विसरलो.

आणि पालकहो, टँडेमचं काय?

ढकलणं ही एक चूक. दुसरी चूक उलट्या बाजूची, आणि ती आपल्या घराघरांत चालते. मूल छातीशी बांधून उडी मारायची, आणि म्हणायचं, बघा आमचं मूल उडतंय!

प्रकल्प वही बघितली की कळतं. तिसरीच्या मुलाच्या वहीत 'पर्यावरणाचे संवर्धन ही काळाची गरज' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं. अक्षर आईचं, चित्रं दुकानातली, कव्हर बाबांनी घातलेलं. दिवाळीचा किल्ला मोठी माणसं करतात, मूल मावळे ठेवतं. शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेत पालक शेजारी बसून "नीट बघ, नीट बघ" करत असतात, आणि त्या "नीट बघ"च्या सुरावरूनच मुलाला कळतं की आपण चुकीच्या पर्यायावर बोट ठेवलंय. आम्ही शिक्षकही कमी नाही. अधिकारी भेटीला येणार असले की ठराविक चार मुलांना पुढे बसवतो, ठराविक उत्तरं आधीच फळ्यावरून वहीत उतरवून घेतो.

टँडेम वाईट नाही. पहिला अनुभव म्हणून उत्तम. आईने बोट धरून पहिली चार अक्षरं गिरवून घ्यावीतच. प्रश्न एवढाच की पाचव्या अक्षराला बोट सुटतं का? टँडेममध्ये मुलाला वाटतं आपल्याला येतं, पालकांना वाटतं याला येतं, आणि पाचवी-सहावीत अचानक कळतं की येत नव्हतं. तोवर पट्टे सोडणारं कुणी उरलेलं नसतं आणि मग आपणच म्हणतो, "एवढा मोठा घोडा झालास, एकट्याने एक उतारा वाचता येत नाही?"

म्हणजे आधी बांधून ठेवायचं आणि मग एकदम ढकलायचं. दोन्ही चुका एकाच मुलाच्या वाट्याला.

मावसभावाने आणखी एक गोष्ट सांगितली. विद्यार्थ्याच्या पॅराशूटच्या पिशवीत एक छोटं स्वयंचलित यंत्र असतं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहतं. खूप खाली आल्यावरही माणूस जोरात पडतच असेल, तर ते आपणहून राखीव पॅराशूट उघडतं. पण प्रशिक्षणात बजावून सांगतात की हे यंत्र आहे असं समजून उडी मारायची नाही, मूठ तूच ओढायची. बहुतेक उड्यांत ते यंत्र काहीच करत नाही. नुसतं जागं असतं.

पालकांनी असं असावं असं मला वाटतं. असावं नक्की. जागं असावं. पण प्रत्येक हजार फुटांना मूठ ओढू नये.

चुकली तर तीच पायरी

या प्रशिक्षणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. समजा पाचव्या पायरीला गिरकी जमली नाही, किंवा विद्यार्थी उंचीचं यंत्र बघायला विसरला. काय करतात? ती एक पायरी पुन्हा. पहिल्यापासून सगळं पुन्हा नाही, आणि 'असू दे, पुढे चल' असंही नाही. व्हिडिओ दाखवून नेमकं कुठे काय झालं ते बसून सांगतात. माझा भाऊ चौथ्या पायरीला दोनदा अडला. त्याला कुणी नापास म्हटलं नाही. कार्डावर त्या ओळीपुढे सही नव्हती, एवढंच.

आपल्याकडे काय आहे? आपण वर्षानुवर्षं एकाच प्रश्नावर भांडतोय : मुलांना नापास करायचं की नाही? २०१९ साली शिक्षण हक्क कायद्यात बदल झाला आणि पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षेचा मार्ग खुला झाला. त्याच्या बाजूचेही लोक आहेत, विरोधातलेही. पण दोन्ही बाजू एकाच मापाने मोजतात, आणि ते माप म्हणजे आख्खं वर्ष. नापास म्हणजे आख्खं वर्ष मागे, पास म्हणजे आख्खं वर्ष पुढे. ज्या मुलाचं फक्त भागाकारावर अडलंय त्याने मराठी, परिसर अभ्यास, सगळंच परत का शिकायचं? आणि ज्याला भागाकार येत नाही त्याला अपूर्णांकाच्या विमानात का बसवायचं?

माझं मत स्पष्ट आहे : पास की नापास हा प्रश्नच अपुरा आहे. प्रश्न 'कुठली पायरी' हा हवा. इयत्तेऐवजी मुलाच्या आजच्या पातळीनुसार गट करून शिकवायची कल्पना आपल्याला नवी नाही. 'प्रथम'सारख्या संस्थेने ती कितीतरी वर्षं राबवली, आणि निपुण भारतमध्येही इयत्तानिहाय अपेक्षा लिहिलेल्या आहेतच. पण आपण त्या भिंतीवर चिकटवतो आणि अहवाल भरतो. मुलाच्या हातात स्वतःचं कार्ड नसतं.

आणखी एक. वारा ताशी १४ मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या वर गेला की तिथे विद्यार्थ्याला उडी मारू देत नाहीत. अनुभवी लोक शेजारून विमानात चढत असतात आणि विद्यार्थी खाली बसून वाट बघतो. त्याचा अपमान होत नाही, कारण नियम सर्वांना माहीत असतो : वारा सारखाच, पण तुझ्यासाठी आज जास्त आहे. आपल्या वर्गातही एखाद्या मुलासाठी वारा जास्त असतो. घरी भांडण झालेलं असतं, बाप ऊसतोडीला गेलेला असतो, रात्री झोप झालेली नसते. त्या दिवशी त्याला फळ्यासमोर उभं करून पाढे म्हणायला लावू नये.

"मॅडम, तिथे एका विद्यार्थ्याला दोन शिक्षक!"

हे तुम्ही म्हणणार, माहीत आहे. बरोबरच आहे. कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात अनेक शाळांत दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं. शिवाय तिथे शिकणारा मोठा माणूस, स्वतःच्या हौसेने आणि स्वतःच्या पैशाने आलेला. आणि पैसेही थोडेथोडके नाहीत. आपल्या मुलांची तुलना त्याच्याशी कशी करायची?

पूर्ण तुलना होणारच नाही. पण मला तिथून शिक्षकांची संख्या उचलायची नाही, क्रम उचलायचा आहे. आधी जमिनीवर सराव. अडलं तर काय, हे आधी. मदत दोन हातांची, मग एका हाताची, मग नुसती जवळ असण्याची. जमलं की सही, नाही जमलं तर तीच पायरी पुन्हा. या क्रमाला जास्तीचा शिक्षक लागत नाही, एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड लागतं. धरणारा हात प्रत्येक वेळी शिक्षकाचाच असावा असंही नाही. चौथीतलं मूल दुसरीतल्या मुलाशेजारी बसून वाचन ऐकू शकतं. माझ्या वर्गात हे चालतं, आणि ऐकणाऱ्याचंही वाचन सुधारतं.

आता त्या मुलीचं. फोनच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी एक कार्ड केलं. सात ओळी. पहिली : मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीला गोष्ट वाचून दाखवणे. दुसरी : मैत्रिणींच्या गटाला. तिसरी : वर्गासमोर, बसल्या जागेवरून. चौथी : वर्गासमोर उभं राहून, मी शेजारी. पाचवी : परिपाठात दिनविशेष, कागद हातात, मी शेजारी. सहावी : तेच, मी मागे. सातवी : माईक. आणि प्रत्येक पायरीला एकच राखीव मूठ : अडलं तर थांब, श्वास घे, बोट ठेवलेल्या ओळीवरून परत सुरू कर. हे आम्ही दोघींनी रिकाम्या वर्गात पंधरा वेळा मुद्दाम अडून करून बघितलं. अडायचा सराव! तिला त्याचं हसू यायचं.

चौथ्या पायरीवर ती पाच वेळा राहिली. मला घाई झाली होती, तिला नव्हती. पाचव्या पायरीला एकदा परिपाठात अडली. मी तोंड उघडणार होते, पण गप्प राहिले. तिने श्वास घेतला, बोट बघितलं आणि वाक्य पूर्ण केलं. कार्डावरची ती सही मी केलेल्या सगळ्या सह्यांत मला सर्वांत मोलाची वाटते.

या सव्वीस जानेवारीला तिने भाषण केलं का? नाही केलं. मी विचारलं, ती "नको" म्हणाली, आणि या वेळी मी "बरं" म्हटलं. तिने कार्यक्रमातल्या मुलांची नावं पुकारली, माईकवर, कागद बघून. मी स्टेजच्या खाली, पहिल्या रांगेत होते. मला एवढं पुरेसं आहे. आणि हो, तिच्या आईने सांगितलं, आजीचं पेपर वाचन परत सुरू झालंय.

उद्या वर्गात आणि घरी

शिक्षकांनो, एकाच मुलापासून सुरुवात करा. ज्याला तुम्ही मनात "हा बोलतच नाही" किंवा "हिला गणित जमणारच नाही" म्हणून सोडून दिलंय, त्याच्यासाठी पाच-सात ओळींचं कार्ड करा. शेवटची ओळ आधी लिहा आणि तिथून मागे या, म्हणजे पहिली ओळ आज जमेल इतकी सोपी होते.

पालकहो, आज संध्याकाळी मुलाचा गृहपाठ घेताना स्वतःला एकच विचारा : आत्ता मी कुठे आहे? छातीशी बांधून आहे, शेजारी धरून आहे, की काठावर आहे? उत्तर काहीही आलं तरी चालेल. फक्त पुढच्या महिन्यात तेच येऊ देऊ नका.

आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी उत्तर दिलं. म्हटलं, "अरे, कोणीच ढकलत नाही. आधी दोघं जण धरतात. मग एक जण धरतो. मग कोणीच धरत नाही, पण शेजारीच उडतात. मग त्या एकट्या."

त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे सायकलसारखंच की, मॅडम."

हो रे बाबा. सायकलसारखंच.